पवळ सरांच्या सळ्या

पवळ सर खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून पाहायचे. पहिल्याच दिवशी वर्गात आले, हजेरीपुस्तक टेबलावर ठेवलं आणि खुर्ची उचलून तिचे पाय एकेक करून खिडकीच्या उजेडाकडे धरले. मागच्या बाकांवर खसखस सुरू झाली. एका पायाच्या जोडाजवळ त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं, मान हलवली, खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि सगळा तास उभ्यानं घेतला. ती खुर्ची अजून त्याच वर्गात आहे. तिच्यावर सगळे बसतात आणि ती मोडलेली नाही. हे मी त्यांना एकदा भीत भीत म्हणाले, तर ते म्हणाले, "मोडली न्हाई म्हंजे मोडणार न्हाई, असं कुठं लिवलंय का?"

सर असे होते. त्यांना कुठल्याही वस्तूत ती मोडण्याची जागा आधी दिसायची. एसटीत बसले की ते खिडकीबाहेर कमी आणि सीटच्या दांडीकडे जास्त पाहायचे. पुलावरून जाताना गप्प व्हायचे. नवीन चहाचा कप हातात आला की तो कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे. "कुठून सुरू होईल?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. तडा एकदम जात नाही, तो कुठून तरी सुरू होतो, आणि ती जागा इतकी बारीक असते की कुणी तिच्याकडे पाहत नाही, हे ते आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की वर्गातली मुलं त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायची. मीही हसायचे. पण घरी गेल्यावर पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना माझाही हात आपोआप त्याच्या कडेवरून फिरायला लागला, तेव्हा मला कळलं की हा माणूस आपल्या आत शिरतोय.

मी आष्टी तालुक्यातली. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे आणि मी मावशीकडे राहून शिकले. मेकॅनिकल म्हणजे नेमकं काय शिकायचं असतं, हे मला प्रवेशाच्या दिवशीही माहीत नव्हतं. नंबर त्यात लागला म्हणून घेतलं. त्यामुळे या लेखात मी जे धातूबद्दल लिहीन ते सरांकडून ऐकलेलं आहे. कुठं चुकलं तर चूक माझी.

आमचं कॉलेज एका सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेचं. कारखान्याचे चेअरमन तेच कॉलेजचे अध्यक्ष. ऊस भरपूर असला की कॉलेजला रंग लागायचा, गॅदरिंगला मांडव पडायचा. ज्या वर्षांबद्दल मी सांगतेय त्या वर्षांत पाऊस लागोपाठ हुकला होता. ऊस नव्हता, कारखान्याची चिमणी गार पडली होती आणि कॉलेजच्या नळाला टँकर आला तरच पाणी यायचं. अशा कॉलेजच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या लांब हॉलमध्ये, पवळ सर माणसाच्या हाडात बसवायच्या सळीसाठी टिटॅनियमचा नवा मिश्रधातू तपासत होते.

हे सांगितलं की लोक हसायचे. खुद्द आमचे विभागप्रमुख म्हणायचे, "पवळ, बे, इथं प्यायला पाणी नाही आणि तू टिटॅनियम घेऊन बसलास!" सर फक्त मान डोलवायचे.

मिश्रधातू इथं तयार होत नव्हता. तो वितळवण्याची भट्टी हैदराबादला, सरांच्या एका जुन्या मित्राच्या हाताखाली होती. तो मित्र टिटॅनियममध्ये नायोबियम आणि झिर्कोनियम मिसळून थोड्या सळ्या ओतून द्यायचा. त्या भट्टीत मुरवायच्या, म्हणजे ठरलेल्या उष्णतेला ठेवून हळूहळू कणखर करायच्या, घासून आरशासारख्या करायच्या आणि मोडेपर्यंत फिरवायच्या, हे काम आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये व्हायचं.

मी पहिल्यांदा त्यांना विचारलं होतं की सर, कणखरच हवं तर पोलाद काय वाईट. सर म्हणाले, "तुज्या घरात सगळं ओझं एकटाच माणूस उचलाय लागला तर बाकीचे काय करतील?"

"बसून खातील."

"हाडाचं तसंच हाय. सळी लई ताठ असली की सगळा भार तीच घेती. हाड म्हणतं, माजं काय काम? ते बसून खातं, अन् झिजतं. म्हणून सळी हाडासारखी थोडी लवली पाहिजे. पण लवणारी सळी लवकर थकती. लवली बी पाहिजे अन् थकली बी न्हाई पाहिजे. एवढंच करायचंय आपल्याला."

'एवढंच' म्हणताना ते असे हसले, की त्यात हसू कमी आणि घाम जास्त होता.

मशीन त्यांनी स्वतः बांधलं होतं. मोटरला सळीचं एक टोक, दुसऱ्या टोकाला लोंबतं वजन. सळी वाकलेल्या अवस्थेत गरगर फिरायची, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ती एकदा इकडं आणि एकदा तिकडं वाकायची. एक फेरा म्हणजे माणसाचं एक पाऊल, असं धरायचं. मशीन दिवसचे दिवस चालायचं. ते चालू असलं की सर शांत बसू शकत नसत आणि बंद असलं की त्याहून नसत.

वजन किती लावायचं, यावरून त्यांचं पुस्तकांशी भांडण होतं. पुस्तकात चालणाऱ्या माणसाच्या मांडीवर किती भार येतो ते दिलेलं असे. सर ते पान उघडायचे आणि बोट ठेवायचे. "ह्या पुस्तकातला माणूस रिकाम्या हातानं चालतोय, सुनिता. सपाट जमिनीवर. बूट घालून. असा माणूस आपल्या जिल्ह्यात कुठं हाय, दाखव मला."

दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, तुझ्या गावच्या बाया तोडीला निघायच्या आधी एक दिवस येतील का. माझी आई आणि तिच्यासोबतच्या तिघी-चौघी आल्या. सरांनी हॉलसमोरच्या मैदानात जुन्या ट्रकला लाकडी फळी लावली होती, तोडीच्या ट्रकला असते तशीच. ऊस कुठून आणणार? कडब्याच्या पेंढ्यांत वाळूची पोती बांधून मोळ्या केल्या होत्या. फळीच्या खाली वजनाचे काटे आणि आमच्या वर्गातला अझर त्यांचे आकडे ओरडून सांगायला. बायांनी मोळी डोक्यावर घ्यायची, फळी चढायची, ट्रकमध्ये टाकायची, उतरायचं.

त्याच वेळी रस्त्यावरून चेअरमनसाहेबांची गाडी चालली होती. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायांची रांग पाहून गाडी थांबली. साहेबांचा माणूस धावत आला.

"कशाचा मोर्चा हाय? मागण्या काय हायत तुमच्या?"

आई म्हणाली, "मागणी कसली बाबा. सरांना आमचं वजन बगायचंय."

"वजन? कशाला?"

"आता मला काय म्हाईत? आजवर मुकादमानं उसाचं बगितलं. हे पयलेच, जे आमचं बगायलेत."

साहेब गाडीत हसले आणि गेले. पण सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. बाई फळीवर चढली की ते फळीच्या बाजूनं, दोन्ही हात पसरून, तिच्याबरोबर एकेक पाऊल सरकायचे, जणू ती पडली तर झेलायचीच आहे. शेवटी आईच वैतागली. "सर, तुमी जरा लांब व्हा. तुमच्या भ्यानंच पाय लटपटायलाय माजा. एवढंच वाटतंय तर तुमीच चढा की एकदा!"

बाया खदखदल्या. सरही हसले. त्यांनी एक छोटी मोळी उचलली, फळीच्या तोंडाशी आले, एक पाय फळीवर ठेवला. आणि तिथंच थांबले. आम्हाला वाटलं मुद्दाम करतायत. अझर ओरडला, "चलो सर, चढो!" सरांनी पाय खाली घेतला, मोळी हळूच जमिनीवर ठेवली आणि हॉलमध्ये निघून गेले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले, तेव्हा त्यांनी मला वैनींची गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं.

सरांचं गाव चौसाळ्याजवळचं. आईवडील लवकर गेले. मोठे भाऊ आप्पा आणि वैनी यांनी त्यांना वाढवलं. दोघं तोडीला जायचे. आमच्याकडे तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कोयता म्हणजे जोडपं. एकटा माणूस अर्धा कोयता. सर इंजिनिअरिंगला असताना वैनी फळीवरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पोलादी पट्टी बसवली. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं. पण वैनी उठल्या नसत्या तर कोयता अर्धा राहिला असता आणि दत्ताची, म्हणजे सरांची, फी गेली नसती. त्या उठल्या. हाड जुळायच्या आत पट्टी मोडली.

"आत, मांडीत, आवाज झाला म्हणल्या. वाळकी काडी मोडल्यासारका." सर तांब्यातलं पाणी न पिता हातातच धरून बसले होते. "आता पट्टीच्या जागी सळी हाय. हाड अजून नीट धरलेलं न्हाई. सगळा भार सळीवर. डॉक्टर म्हणतात, ही मोडली तर तिसऱ्यांदा उघडणं अवघड हाय, हाडात दम राहिला न्हाई. अन् सळी तर रोज थकायलीय. त्या चूल पेटवायला खाली बसतात तेव्हा बी. देवळाची पायरी चढतात तेव्हा बी."

मग मला समजलं, सर मशीनसमोर बसून खरं तर काय ऐकत असतात ते.

पुढं आप्पांनी तोड सोडली आणि चौसाळ्यात हायवेला भांड्यांचं छोटं दुकान टाकलं. वैनी दुकानात बसू लागल्या. आणि सरांनी ज्या दिवशी या कामाची परवानगी आल्याचं घरी सांगितलं, त्या दिवशी वैनींनी विचारलं होतं, "भावजी, ही तुमची नवी सळी मला बसंल का?" सर म्हणाले होते, "बघू."

आपल्याकडं घरातला माणूस 'बघू' म्हणाला की ते अर्धं 'हो' असतं. सरांना माहीत होतं की असा धातू माणसाच्या अंगात जायला कितीतरी तपासण्या, कितीतरी वर्षं लागतात. आमच्या हॉलमधली सळी तर कुणाच्याच अंगात जायची नव्हती. ती मोडून पाहण्यासाठीच होती. पण त्या 'बघू'चं 'नाही' त्यांना करता आलं नाही. प्रत्येक सणाला घरी गेलं की आप्पा विचारायचे, "दत्ता, कुटवर आलं?" आणि सर म्हणायचे, "चाललंय."

त्या वर्षी हैदराबादहून सळ्या आल्या त्या शेवटच्याच. मित्राची बदली झाली होती, भट्टी आता दुसऱ्या कामाला लागणार होती. कारखान्याच्या वर्कशॉपमधून आम्ही त्या कातून आणल्या. टोकांना अंगठ्याएवढ्या जाड आणि मधे निमुळत्या होत गेलेल्या, कंबर असल्यासारख्या. त्या कंबरेलाच वाकायचं, त्या कंबरेलाच मोडायचं. म्हणून तिथं एकही ओरखडा चालत नाही. आडवा ओरखडा तर नाहीच नाही, कारण तडा आडवाच चालतो.

आणि ओरखडे तर पाण्यातूनच यायचे. घासताना पाण्याची बारीक धार लागते. टँकरच्या पाण्यात वाळू असायची, नळ फुसफुसायचा आणि सळीवर रेघा उमटायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा दिसल्या की सर म्हणायचे, "बघ, दुष्काळ दिसायलाय." मग त्यांनी घरून वैनींचं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं आणलं. त्याच्या घड्या करून पाणी गाळायचं, बादलीत निवळू द्यायचं, वरचं वापरायचं, वापरलेलं पुन्हा गाळायचं. मी आणि अझर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तेच करत होतो. शेवटी सळ्या अशा झाल्या की त्यांच्या कंबरेत आपलं तोंड दिसावं, बारीक आणि लांबोडकं.

सुट्टी लागली. सळ्या कुठं ठेवायच्या? हॉलचं कुलूप जुनं. पत्रा वाऱ्यानं हलतो. कपाटात उंदीर. प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवा म्हटलं तर, तिजोरी उघडताना कुणी पाडली तर? सरांना कुठलीच जागा सुरक्षित वाटेना. त्यांनी सळ्या कापसात गुंडाळून डब्यात घातल्या, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि एसटीनं चौसाळ्याला घेऊन गेले.

सुट्टीनंतर आम्ही हॉलमध्ये जमलो. सरांनी डबा उघडला, पहिली सळी बाहेर काढली आणि तशीच धरून राहिले.

सळीच्या बरोबर कंबरेत, सगळ्यात चकचकीत जागी, सुंदर अक्षरात कोरलं होतं: सौ. रुक्मिण. दुसऱ्या सळीवर तेच. तिसरीवरही. डब्यातल्या सगळ्या सळ्यांवर.

रुक्मिण म्हणजे वैनी. आमच्याकडे भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालतात. लग्नात, पंगतीत, भांडी सगळी एकसारखी, नाव नसलं तर आपलं भांडं परत येत नाही. आप्पांच्या दुकानात नाव घालायचं छोटं गुरगुरणारं यंत्र होतं आणि त्यांचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं. दवाखान्यात एवढी माणसं, एवढ्या सळ्या. आपल्या बाईची सळी दुसऱ्या कुणाला बसवली म्हणजे? भाऊबीजेच्या दुपारी सर झोपलेले असताना आप्पांनी डबा काढला, प्रत्येक सळीवर मन लावून नाव घातलं आणि पुन्हा कापसात गुंडाळून ठेवलं. सरांना त्यांनी सांगितलं नाही. आपण होऊन कळलं की आनंद होईल, असं त्यांना वाटलं होतं.

अझर म्हणाला, "सर, ये तो..."

सर ओरडले नाहीत. स्टुलावर बसले, स्टूल न तपासता. नखानं एका अक्षरावरून इकडून तिकडं गेले. मला वाटलं ते रडतील. ते एवढंच म्हणाले, "लई जीव लावून कोरलंय गं."

सळ्या पुन्हा कातता आल्या असत्या, पण कारखान्याच्या वर्कशॉपलाही आता कुलूप लागलं होतं आणि कातारी गावाकडे गेलेला. उपाय एकच होता. हातानं, बारीक पॉलिश पेपरनं, नाव निघेपर्यंत घासायचं. सळी थोडी बारीक होईल, वजनाचं गणित पुन्हा मांडायचं. पण कागद हातात घेतला आणि माझा हात थबकला. बाई जिवंत, नवरा जिवंत, आणि आपण 'सौ.' पुसायचं? अझरलाही ते अवघड वाटत होतं, त्यानं कागद खाली ठेवला. सरांनी स्वतः एकदा घेतला, सळीजवळ नेला आणि मागं घेतला.

असे दोन-तीन दिवस गेले. सर नीट जेवत नव्हते. कारखान्याच्या संचालक मंडळाची बैठक जवळ आली होती. त्या बैठकीत हॉलचं काय करायचं हे ठरणार होतं आणि सरांकडे दाखवायला काही नव्हतं. आणि मग एका सकाळी दारात जीप थांबली. आप्पा आणि वैनी उतरले. वैनींच्या नावाची सळी फिरताना बघायला आले होते.

मी वैनींना पहिल्यांदा पाहिलं. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. एक पाय किंचित उशिरा टाकायच्या. पण त्याची त्यांना फिकीर दिसत नव्हती. फिकीर सरांना होती. त्या हॉलचा उंबरा ओलांडेपर्यंत सरांची नजर त्यांच्या पायावरून हलली नाही.

आप्पांनी हॉलभर नजर फिरवली. "कुठंय रे सळी? नाव बगितलं का न्हाई? हूं? कसं हाय अक्षर?"

सर म्हणाले, "चांगलं हाय आप्पा."

"मग? फिरव की. का बंद ठिवलंय?"

सर उभे होते. मशीनच्या टेबलाला धरून. मी आणि अझर बाहेर जाऊ लागलो तर सरांनी हातानं थांबवलं. मला वाटतं त्यांना एकट्यानं सांगण्याची भीती वाटत होती.

"आप्पा, नाव घातल्यानं सळी मोडती."

"आँ?"

"त्या अक्षरातून तडा सुरू होतो. एवढासा ओरखडा बी चालत न्हाई तिथं. अन्..." सर थांबले. मग वैनींकडे न बघता बोलले. "अन् वैनी, ह्या सळ्या तुमच्या पायासाठी न्हाईत. कधीच नव्हत्या. ह्या मोडून बघायच्या. ह्याच्यातून खरी सळी व्हायला लई वर्षं लागतील. तुमच्या पायात ती जाईल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. मी 'बघू' म्हणलो तेव्हाच 'न्हाई' म्हणायला पायजे होतं."

आप्पांचं तोंड पडलं. त्यांनी एकदा सळ्यांकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे. "म्हंजे मी तुजं नासवलं समदं," ते हळू म्हणाले. "कावून सांगितलं न्हाईस रं दत्ता?"

वैनी पुढं आल्या, स्टुलावर बसल्या आणि एक सळी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"एवढीशी सळी," त्या म्हणाल्या. "माज्या मांडीला ही पेलायची व्हती व्हय? भावजी, मला तवाच कळलं व्हतं, डबा उघडला तवा. ह्येंना म्हणलं बी, अहो ही माजी न्हाई. तर म्हणले, तू गप, तुला काय कळतंय." त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, कशानं पुसायचं हे?"

मी पॉलिश पेपर दिला.

"अगं, थांब!" आप्पा पुढं झाले. "सौ. पुसू नगंस. आपशकुन हाय."

"तुमी हितं जितेजागते हुबे हाईत की. तवर सौ. कुठं जातंय? माजंच नाव हाय, मीच पुसते." आणि त्यांनी कागद सळीवर ठेवून, ताट घासावं तसं, गोल गोल घासायला सुरुवात केली.

"वैनी! वैनी, गोल नको! आडवं नको!" सरांना एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "उभं! लांबीनं! आडवी रेघ पडली की तिथूनच जाईल!"

"भांडं घासायला मला शिकवा आता!" वैनी म्हणाल्या, पण हात उभा केला. अझरला हसू आवरत नव्हतं. मीही हसले. आप्पाही डोळे पुसत हसले. फक्त सर हसले नाहीत. ते खाली वाकून वैनींच्या बोटांबरोबर, लांबीनं, इकडून तिकडं मान हलवत राहिले.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच घासलं. आप्पांनीही. एका सळीवर नाव फार खोल गेलं होतं, ते निघेना. ती सरांनी तशीच मशीनला लावली. ती संध्याकाळच्या आत मोडली, बरोबर नावातून. आप्पांनी दोन्ही तुकडे हातात घेतले आणि कोरलेल्या अक्षरावर गेलेला तडा पाहिला. मग दोघं चौसाळ्याला परत निघाले. वैनींनी जीपमधून आम्हाला हात केला.

उरलेल्या सळ्या चालल्या. किती चालल्या ते सरांच्या लेखात येईल, मी इथं सांगणं बरोबर नाही. एवढं सांगते की सरांनी मला एकदा खुर्चीवर बसून चहा पाजला.

पण बैठक व्हायची ती झाली. पाऊस नाही, कारखाना याही वर्षी चालणार नाही. संस्थेनं जनावरांची छावणी काढायचं ठरवलं आणि पेंडीची पोती ठेवायला कोरडा, पत्र्याचा, मोठा हॉल आमचाच होता. सरांना बोलावलं तेव्हा चेअरमनसाहेब म्हणाले, "पवळ सर, एकच सांगा. ही सळी मोडणार न्हाई याची हमी देता का? तर मी बाकीच्यांना काहीतरी बोलतो."

सर म्हणाले, "न्हाई साहेब. मोडंल. समदंच मोडतं. माणसाआधी मोडती का माणसानंतर, एवढंच बघायचं असतं."

एक संचालक कपाळावर हात मारून घेताना मी दारातून पाहिला. सर बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, नुसतं 'हो' म्हणायचं होतं." ते म्हणाले, "गुरं उपाशी हायत, सुनिता. त्यांच्यासमोर मी माजी सळी फिरवत ठिवा असं कसं म्हणू?" आणि मग, थोड्या वेळानं, "अन् एकदा 'बघू' म्हणून झालंय माजं."

आठवड्यात हॉलमध्ये पोती आली. मशीन भंगारात काढलं ते सरांनीच मागून घेतलं. पुढं आमची परीक्षा झाली, सगळे पांगले.

शेवटचं त्यांना मी गेल्या उन्हाळ्यात पाहिलं. मी सोलापूरला नोकरीच्या मुलाखतीला चालले होते. चौसाळ्याला एसटी थोडा वेळ थांबते, कंडक्टरला विचारलं आणि उतरले. आप्पांचं दुकान शोधावं लागलं नाही. लांबूनच एक बारीक किणकिण ऐकू आली. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन फिरत होतं आणि त्याच्या थरथरीनं फळ्यांवरची सगळी भांडी, ताटं, वाट्या, तांबे, एका लयीत वाजत होती. गिऱ्हाईक नव्हतं. आप्पा सामान आणायला गेलेले. सर मशीनसमोर बसले होते, पाठमोरे, मान तिरकी.

"सर, मी सुनिता."

त्यांनी न वळता हात वर केला. थांब. मी थांबले.

वैनी आतल्या दारात होत्या. "बस गं माये. त्ये आता बोलायचे न्हाईत. चहा घे." घर आणि दुकान यांच्यामध्ये दगडी पायऱ्या होत्या, उंच आणि झिजलेल्या. वैनींच्या एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांचं ताट. धरायला हात मोकळा नव्हता.

मी उठायच्या आत त्यांनी पाऊल उचललं होतं. तेवढ्यात वीज गेली. मशीन मंदावत थांबलं, भांडी गप्प झाली, आणि दुकानात एकदम इतकी शांतता पसरली की हायवेवरून ट्रक गेलेला ऐकू आला. मला वाटलं आता सर मोटरकडे धावतील, फेरे मोजणाऱ्या काट्याकडे बघतील. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. ते वळून पायऱ्यांकडे पाहत होते. वैनी पहिली पायरी उतरल्या. थोडं थांबून दुसरी. तो पाय, किंचित उशिरा, हवेत आला, आणि सरांनी श्वास धरला. मीही धरला. पाय खालच्या फरशीवर टेकला.

"घ्या," वैनी म्हणाल्या. "गार व्हायलाय."